बाटलीची उंची आणि डोळ्याचा रक्तपुरवठा

प्रिय डॉक्टर,

फेको, म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढायची शस्त्रक्रिया, शिकताना सगळं लक्ष लेन्सच्या तुकड्यांवर असतं. पण पडद्याला (रेटिनाला) रक्त किती मिळतंय, ते बरंचसं डोळ्यात पाणी सोडणाऱ्या बाटलीच्या उंचीवर ठरतं. बाटली १५ सेंमी वर गेली की डोळ्यातला दाब सुमारे ११ मिमी पाऱ्याने चढतो. ९० सेंमीला ६६. आडव्या रुग्णाचं बीपी १००/६० असेल, तर सरासरी धमनीदाब ७३. रक्त ढकलायला ढोबळमानाने सातच उरले! शिवाय डायस्टोलिक ६० म्हणजे डोळ्यातल्या दाबापेक्षा कमी, त्यामुळे दोन ठोक्यांच्या मधे पडद्याकडचा प्रवाह जवळपास थांबतो. निरोगी डोळा हे काही मिनिटं सोसतो. काचबिंदूने पोखरलेली डोळ्याची नस सोसेलच असं नाही.

उंची फरशीपासून नाही, रुग्णाच्या डोळ्यापासून ड्रिप चेंबरपर्यंत (बाटलीखालच्या थेंबनळीपर्यंत) मोज. टेबल वर-खाली केलंस तर पुन्हा मोज. पेडल पहिल्या टप्प्यावर, म्हणजे नुसतं पाणी सुरू असताना, बाटलीचा पूर्ण दाब डोळ्यावर येतो. प्रोब (फेकोची सुई) आत ठेवून उगाच रेंगाळू नकोस. कमी बीपीच्या किंवा काचबिंदूच्या रुग्णात बाटली ६५ सेंमीवर आण, पण व्हॅक्यूम आणि ॲस्पिरेशनही (तुकडे ओढायचा जोर आणि वेग) त्याच बेताने उतरव. नुसती बाटली उतरवलीस, तर टोकाला अडकलेला तुकडा सुटताक्षणी चेंबर (डोळ्याच्या पुढची पाण्याची पोकळी) बसतं आणि लेन्सची मागची कॅप्सूल (पातळ पिशवी) टोकावर येते.

काचबिंदूच्या रुग्णाला ब्लॉकमध्ये (डोळ्याभोवतीच्या भुलीच्या इंजेक्शनमध्ये) ॲड्रेनॅलिन देऊ नकोस. डोळ्यामागच्या धमन्या आकसतात. जमेल तिथे टॉपिकलवर, म्हणजे थेंबांच्या भुलीवर, भागव. ब्लॉकनंतर डोळा बाहेर ढकलला गेला, पापण्या ताठ झाल्या, तर मागे रक्तस्राव झालाय असं समज. शस्त्रक्रिया पुढे ढकल. नजर जात असेल, डोळा दगडासारखा लागत असेल, तर बाहेरचा कोपरा कापून पापणीचा लिगामेंट लगेच मोकळा कर. रक्ताविना पडदा जेमतेम दीड तास तग धरतो.

दाब एकदम कोसळणंही तितकंच वाईट. म्हातारा, बीपीचा, काचबिंदूचा किंवा मोठ्या मायनस नंबरचा डोळा उघडताना आतलं पाणी हळूहळू बाहेर सोड. नाहीतर कोरॉइडच्या (पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराच्या) मागची सिलिअरी धमनी फाटू शकते. चेंबर उथळ, रेड रिफ्लेक्स (बाहुलीतली लाल चमक) काळवंडलेला, डोळा कडक आणि ब्लॉक असूनही रुग्ण कळवळतोय? हातातलं काम टाक, जखमेवर बोट दाब, टाके घाल. एसआयसीएसची (फेकोशिवाय, हाताने मोतीबिंदू काढायच्या शस्त्रक्रियेची) जखम ६-७ मिमीची, तिथे सेकंद मोजावे लागतात.

शेवटी लेन्सच्या मागचं व्हिस्को (शस्त्रक्रियेत भरलेलं जेल) नीट काढ. राहिलं तर चार-सहा तासांत दाब उसळतो, आणि तोवर रुग्ण घरी पोचलेला असतो. नाजूक नस असेल, तर सल्फाची ॲलर्जी आणि किडनीचा त्रास विचारून ॲसेटाझोलामाइड २५० मिग्रॅ दे, संध्याकाळी दाब बघ.

पुढे बहुतेकांचा दाब २-४ मिमी पाऱ्याने उतरतो, अरुंद अँगलच्या (पाण्याच्या निचऱ्याची जागा अरुंद असलेल्या) डोळ्यात त्याहून जास्त. रक्तपुरवठ्याला ते बरंच. मात्र 'ऑपरेशननंतर रक्तवाहिन्या दाट झाल्या' असा ओसीटी अँजिओग्राफीचा (पडद्यातल्या रक्तवाहिन्यांच्या स्कॅनचा) स्लाइड कुणी दाखवला, तर आधी दोन्ही स्कॅनची सिग्नल स्ट्रेंग्थ विचार. मोतीबिंदू काढल्यावर सिग्नल आपोआपच सुधारतो, नुसत्या त्यानेही वाहिन्या दाट दिसू शकतात.