वंशावळीत 1911 च्या जनगणनेचा संदर्भ कसा द्यावा?

आपण विचारले आहे की, गिरगावात राहणाऱ्या पणजोबांचे वय आणि बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेलेल्या त्यांच्या चुलतभावाचा तिथला पत्ता, या दोन्हींसाठी वंशावळीत 1911 च्या जनगणनेचा संदर्भ कसा नोंदवावा. वर्ष एकच असले तरी या दोन नोंदींची उत्तरे अगदी वेगळी आहेत.

आधी मुंबईचे पाहू. 10 मार्च 1911 रोजी झालेल्या खानेसुमारीत गणकांनी घरोघरी पत्रके भरली, परंतु तक्ते तयार झाल्यावर ती पत्रके जपून ठेवली गेली नाहीत. आज अभ्यासकाच्या हाती लागतात ते छापील अहवाल आणि तक्ते, आणि त्यांत सामान्य रहिवाशाचे नाव कुठेही नाही. स्वातंत्र्यानंतरच्या गणनांची पत्रकेही 1948 च्या जनगणना कायद्यातील कलम 15 मुळे पाहायला मिळत नाहीत. त्यामुळे ‘1911 च्या जनगणनेनुसार वय अमुक’ असे वाक्य मुंबईतल्या पूर्वजाबद्दल कुठे आढळले, तर ते उतरवून घेण्याआधी लिहिणाऱ्याने नेमका कोणता कागद पाहिला होता, याचा शोध घ्यावा.

हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या घराण्याच्या छापील वंशावळीत माझ्या पणजोबांच्या नावापुढे ‘वय 32, 1911 ची जनगणना’ असे होते आणि त्या एका ओळीमागे माझी जवळजवळ दोन वर्षे गेली. पुढे चुलत्यांच्या कागदांत एक पाठकोरी चिठ्ठी सापडली. पणजोबा 1918 च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झाच्या साथीत वारले. त्यांच्या मृत्युदाखल्यावरचे 39 हे वय चिठ्ठीवर मांडून त्याखाली 7 वजा केले होते. कुटुंब 1911 साली चाळीत राहायला आले तेव्हा पणजोबा किती वर्षांचे होते, एवढेच चुलत्यांना काढायचे होते. छपाईच्या वेळी कोणीतरी 1911 म्हणजे जनगणनेचे साल, असे परस्पर जुळवून टाकले. दाखल्यावरचे वयही शेजाऱ्याने अंदाजाने सांगितलेले होते, कारण गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातील जन्मतारखेप्रमाणे मृत्युसमयी त्यांचे वय 37 भरते. आता वंशावळीत दोन्ही वये आपापल्या कागदाच्या उल्लेखासह दिली आहेत आणि जनगणनेचे नाव काढून टाकले आहे.

आपल्या पणजोबांसाठीही महापालिकेची जन्म-मृत्यू नोंद, शाळेचे रजिस्टर, गावचे कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही) आणि त्र्यंबकेश्वरच्या किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या (यजमानांच्या पिढ्या नोंदवून ठेवणाऱ्या क्षेत्रस्थ पुरोहितांच्या) वह्या पाहाव्यात. कोतवाल बुकाची जुनी पाने मोडी लिपीत असतील तर वाचून देणाऱ्याचे नाव आणि तारीखही संदर्भात लिहावी, कारण वाचनातली चूक ही मूळ नोंदीतली चूक नव्हे.

छापील जनगणना तरीही निरुपयोगी नाही. 1911 साली मुंबई शहराचा स्वतंत्र खंड निघाला. त्यात शहराची लोकसंख्या 9,79,445 आहे आणि शंभरातले जेमतेम वीस लोक मुंबईत जन्मलेले होते, असे दिसते. पणजोबा कोकणातून आले असतील तर ते केवढ्या लोंढ्यातून आले, हे त्यातील जन्मस्थानाच्या तक्त्यावरून कळते. मात्र त्याच्या आधारे लिहायचे ते वाक्य शहराबद्दल असावे, पणजोबांबद्दल नसावे. संदर्भ असा द्यावा: भारताची जनगणना 1911, खंड 8, मुंबई शहर व बेट, त्यानंतर भाग, तक्ता क्रमांक आणि पृष्ठ.

लंडनच्या चुलतभावाची नोंद मात्र नावानिशी मिळू शकते, कारण इंग्लंडची पत्रके जपलेली आहेत आणि ती शंभर वर्षांनी खुली होतात. 2 एप्रिल 1911 च्या रात्रीचे पत्रक घरमालकाने स्वतःच्या हाताने भरलेले असते. भाडेकरू विद्यार्थ्याचे मराठी आडनाव तिथे कानाला जसे लागले तसे लिहिलेले आढळते आणि संकेतस्थळासाठी नावांची सूची करणाऱ्याने ते आणखी वेगळे वाचलेले असते. म्हणून सूचीवर न थांबता मूळ पानाचे छायाचित्र पाहावे, नाव कागदावर आहे तसेच उतरवावे आणि आपले वाचन शेजारी वेगळे नोंदवावे. संदर्भात ब्रिटनचे नॅशनल अर्काइव्हज (राष्ट्रीय अभिलेखागार), मालिका आर जी 14 (RG 14), पीस क्रमांक (मालिकेतील गठ्ठ्याचा क्रमांक), शेड्यूल क्रमांक (त्या घराच्या पत्रकाचा क्रमांक) आणि पत्ता द्यावा. 1901 साठी मालिका आर जी 13 असून तिथे पीस, फोलिओ (कागदाच्या तावाचा क्रमांक) आणि पृष्ठ लागते. फोलिओचा शिक्का एकाआड एक पानावर उजवीकडे वर असतो, त्यामुळे मागच्या पानालाही तोच क्रमांक लागू होतो. संकेतस्थळावरचा चित्र क्रमांक हा संदर्भ नव्हे, कारण तो संकेतस्थळागणिक वेगळा असतो.

ते गृहस्थ पुढेही तिकडेच राहिले असतील तर 1921 ची पत्रके आर जी 15 या मालिकेत आहेत. 1931 ची पत्रके 1942 च्या आगीत जळाली आणि 1941 साली तिथे गणनाच झाली नाही, म्हणून त्यापुढे 1939 चे राष्ट्रीय रजिस्टर (तिथल्या रहिवाशांची नावनिशीवार नोंद) पाहावे.