काल्पनिक औषधी वनस्पती रचताना

कथेसाठी पहिलीच वनस्पती रचताय, छान! फुलाचा रंग नंतर बघा. आधी ती काय बरं करू शकत नाही ते ठरवा. सगळे रोग घालवणारी मुळी कथेतला ताणच संपवते.

मग लोककथा. तिला कारण हवं. मँड्रेक नावाच्या वनस्पतीचं मूळ कधीकधी माणसासारखं दिसतं. म्हणून युरोपात समजूत होती की उपटताना ते किंचाळतं आणि ऐकणारा मरतो. ते ओढायला कुत्रा बांधावा, असंही सांगत. मूळ खरोखर विषारी आहे, त्यामुळे भीतीलाही आधार होता. तुमच्या वनस्पतीत असं काहीतरी डोळ्यांना दिसणारं शोधा.

नेहमीच्या चुका:
- सगळ्यांच्या तोंडी एकच दंतकथा. वैद्य आणि मेंढपाळ वेगवेगळं सांगतील.
- मात्रा आणि दुष्परिणाम विसरणं.

शास्त्रीय नाव, उपजाती सध्या राहू द्या.