टँकरच्या पाण्यासाठी ओझोन मशीन लावलं तर क्लोरीन बंद करता येतं का?

तुम्ही खारघरचे, सोसायटीला टँकर येतो, घरात तीन वर्षांचं मूल आहे आणि मशीन विकणारा सांगतोय की ओझोन लावला की क्लोरीन नको. क्लोरीन बंद करू नका. एवढं वाचून थांबलात तरी चालेल.

ओझोन हा वायू जंतू मारतो यात वादच नाही. रबाळे एमआयडीसीत बाटलीबंद पाण्याच्या प्लांटवर मी नऊ वर्षं काढली आहेत, ओझोनचं रीडिंग रोज घेतलंय. जंतूचं कवचच तो फोडतो, आणि क्लोरीनपेक्षा कितीतरी झपाट्यानं. पण आमच्याकडे बाटली भरली की लगेच झाकण बसायचं. सोसायटीच्या टाकीचं तसं नसतं.

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, कासारवडवलीत. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात कमिटीनं जमिनीखालच्या टाकीवर ओझोन बसवला आणि ब्लीचिंग पावडर, म्हणजे आमचा क्लोरीन, बंद केली. 'केमिकल नको', हे एकच कारण. मी सभेत उठून बोललो, तर सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही ऑपरेटर, मशीन देणारा इंजिनिअर आहे." ते मला आजही लागतं.

जुलैत आमच्या विंगमध्ये घराघरात जुलाब सुरू झाले. माझ्या आईला दोन दिवस सलाइन लावावं लागलं. मी एच-टू-एस टेस्टच्या तीन बाटल्या आणल्या. एक खालच्या टाकीतून भरली, एक गच्चीवरच्या टाकीतून, एक आमच्या किचनच्या नळातून, आणि तिन्ही फ्रिजच्या मागे उबेला ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या टाकीची बाटली होती तशीच. गच्चीची आणि नळाची शाईसारखी काळी. काळी पडली की पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत असं धरून चालायचं. गच्चीवर जाऊन पाहिलं तर टाकीचं झाकण तुटलेलं, कडेला कबुतरांची घाण.

मशीन चालू होतं, बिघडलं नव्हतं. पण वीस अंशाच्या स्वच्छ पाण्यातसुद्धा ओझोन साधारण वीस मिनिटांत निम्मा होतो. आपल्याकडचं पाणी त्याहून गरम, त्यात टँकरचा गाळ. जंतूंच्या आधी तो गाळावरच खर्च होतो. गच्चीवर पोचेपर्यंत काही उरत नाही, मग वर पडलेली घाण मारणार कोण? क्लोरीन उरतो. नळाच्या पाण्यात ओटीचे (क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे) थेंब टाका, पिवळं झालं म्हणजे आहे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा.

काळ्या बाटल्या मी कमिटीच्या टेबलावर ठेवल्या. उत्तर मिळालं, बाटल्याच घाण असतील. पावडर परत सुरू झाली ती चार दिवसांनी, गुपचूप. चूक झाली असं कोणी म्हटलं नाही. तुमच्या सभेत कोणी 'तुम्हाला काय कळतं' म्हणालं तर वाद घालू नका, गच्चीच्या टाकीचं पाणी सगळ्यांसमोर बाटलीत भरा.

ओझोन वाईट आहे असं मात्र समजू नका. फ्रान्समधल्या नीस शहरानं १९०६ पासून पिण्याच्या पाण्यासाठी तो वापरला. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीला क्लोरीन जुमानत नाही, तिथे ओझोन उपयोगी पडतो. सोसायटीकडे पैसे असतील तर आधी फिल्टर, मग ओझोन आणि शेवटी क्लोरीन असं करा. पण त्याआधी गच्चीच्या टाकीचं झाकण बदला.

भाज्या धुवायच्या छोट्या ओझोन मशीनचंही तुम्ही विचारलंत. वरवरचे जंतू कमी होतात, आतले नाही. मी घेतलं नाही, वाहत्या पाण्याखाली चोळून धुतो.

आणि हो, हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: हा वायू छातीत जाऊ देऊ नका. आठ तासांच्या कामासाठी हवेत ०.१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) ही मर्यादा धरतात. आमच्या पंपरूममध्ये रबरी गॅस्केटला भेगा पडून गळती झाली, तेव्हा वॉचमन दोन दिवस खोकत होता. मशीन घेतलंच असेल तर खिडकी उघडी ठेवा. मुलाला दमा असेल तर घरात लावूच नका.