३६० मिमीचा लिक्विड कूलर असूनही प्रोसेसर ९२ अंशांवर जातो. कूलर बदलावा का?

अकोल्यात मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत तुमचा इंटेलचा आय७-१४७००के प्रोसेसर रेंडरच्या (एडिट केलेला व्हिडिओ तयार होण्याच्या) वेळी ९२ अंशांवर जातो आणि रिव्ह्यूच्या व्हिडिओत हाच एआयओ (‘ऑल-इन-वन’, म्हणजे जोडून तयार मिळणारा लिक्विड कूलर) ७६ दाखवतो, म्हणून तुमचा पीस खराब निघाला का, असं तुम्ही विचारलंय. मी नागपूरला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. प्रोसेसर हाच, ऊनही तेच. दिलेल्या आकड्यांवरून तरी मला तुमचा कूलर व्यवस्थित वाटतोय. बदलायची घाई करू नका.

खोलीचं तापमान तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो. लिक्विड कूलर म्हणजे फ्रिज नव्हे. प्रोसेसरवरची तांब्याची प्लेट उष्णता द्रवाला देते, पंप तो द्रव रेडिएटरमधून (३६० मिमी हे त्याचंच माप) फिरवतो आणि पंखे खोलीतलीच हवा त्यावर मारतात. खोली ३९ अंशांची असेल तर द्रव ३९च्या खाली जाऊच शकत नाही. रिव्ह्यू करणाऱ्यांच्या खोल्या साधारण २१ ते २५ अंशांच्या असतात. म्हणून प्रोसेसरच्या आकड्यातून खोलीचा आकडा वजा करायचा. माझ्या खोलीत मेच्या दुपारी ३९ असतं, तुमच्याकडेही तेवढंच धरू. ९२ वजा ३९, म्हणजे ५३. रिव्ह्यूची खोली २३ची असेल तर ७६ वजा २३, तेही ५३च. दोन्ही कूलर सारखंच काम करतायत.

खोलीचं तापमान भिंतीवर मोजू नका, कॅबिनेटमध्ये हवा जिथून शिरते तिथे मोजा. माझं टेबल भिंतीला चिकटलेलं होतं. भिंतीवरचा थर्मामीटर ३६ दाखवायचा, तोच कॅबिनेटच्या पुढच्या जाळीशी धरला की ३९. मागून निघालेली गरम हवा टेबलाखालून वळून परत पुढूनच आत जात होती. टेबल वीतभर पुढे ओढलं आणि ते तीन अंश फुकटात गेले.

दुसरा आकडा पॉवरचा. या प्रोसेसरची इंटेलने ठरवलेली कमाल मर्यादा २५३ वॅट आहे, पण अनेक मदरबोर्डच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ही मर्यादा जवळजवळ उघडीच सोडलेली असते. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान-पॉवर दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, रेंडर चालू करा आणि ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ची ओळ बघा. तुमचा प्रोसेसर २८० वॅट ओढत असेल आणि रिव्ह्यूवाल्याने २५३वर बांधलेला असेल, तर तुलना तिथेच संपली. ‘थर्मल थ्रॉटलिंग’च्या (तापल्यामुळे वेग कमी करण्याच्या) ओळीत ‘येस’ येतं का तेही बघा. या प्रोसेसरची हद्द १०० अंश आहे. ९२ला तो वेग कमी करत नाही, म्हणजे तुमचं काम रखडत नाहीये.

टेस्ट अर्धा तास चालवा. लिक्विड कूलरच्या बाबतीत इथेच सगळे फसतात. एवढा द्रव, तांबं आणि ॲल्युमिनियम तापायला वेळ लागतो, त्यामुळे पहिली दोन-तीन मिनिटं कुठलाही एआयओ अप्रतिम वाटतो. तापमान चढायचं थांबलं की मगच आकडा लिहून घ्या. आणि पंखे फुल स्पीडवर ठेवून नव्हे, ज्या आवाजात तुम्ही रोज काम करता त्या आवाजात.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तुमच्या एआयओत द्रवाचं तापमान दाखवणारा सेन्सर असेल (बऱ्याच मॉडेलमध्ये असतो, कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो), तर ते ५३ अंश दोन भागांत फोडता येतात. समजा द्रव ५२वर स्थिरावला. म्हणजे हवा आणि द्रव यांच्यात १३ अंशांचा फरक आहे, आणि द्रव ते प्रोसेसर यांच्यात ४०चा. रेडिएटर मोठा घेतला, पंखे भारी लावले, तरी फरक त्या १३मध्येच पडणार. उरलेले ४० अंश चिप, तिच्यावरचं धातूचं झाकण, त्यावर लावलेली थर्मल पेस्ट आणि तांब्याची प्लेट यांच्यात अडकलेत, तिथे रेडिएटर काहीच करू शकत नाही. लोक २४०चा कूलर काढून ३६०चा लावतात आणि ‘चारच अंश उतरले हो’ म्हणून हळहळतात, त्याचं कारण हेच. उलट तुमच्याकडे द्रवच ६०च्या आसपास जात असेल, तर रेडिएटरची धूळ, पंखे आणि कॅबिनेटची हवा बघा. एवढा गरम द्रव पंपाला आणि ट्यूबलाही चांगला नाही.

त्या ४० अंशांपैकी काही सोडवता येतात. तुमचा प्रोसेसर ज्यात बसतो त्या एलजीए १७०० सॉकेटची पकड प्रोसेसरला दोन बाजूंनी दाबते, त्यामुळे झाकण मध्ये किंचित खोलगट होतं. मी ब्लॉक (कूलरचा प्रोसेसरवर बसणारा भाग) उचलला तेव्हा मधल्या पट्ट्यात पेस्टचा जाड थर होता, आणि दोन्ही कडांना इतकी पातळ की खालचा धातू चमकत होता. त्या पकडीच्या जागी सगळीकडून सारखी दाबणारी कॉन्टॅक्ट फ्रेम बसवून नवी पेस्ट लावल्यावर माझ्याकडे पाच अंश कमी झाले. पण त्या फ्रेमचे स्क्रू जोर लावून आवळू नका, जास्त दाबाने रॅम ओळखली न जाण्याचे प्रकार होतात.

सगळ्यात मोठा फरक मात्र एक पैसाही न घालता मिळाला. बायोसमध्ये पॉवरची मर्यादा १८० वॅट केली. सॉफ्टवेअर एन्कोडिंगचा (प्रोसेसरवरच होणारा) जो एक्स्पोर्ट आधी ४० मिनिटं घ्यायचा, तो ४२ मिनिटांत होतो, आणि तापमान पंधरा अंशांनी उतरलं. उन्हाळाभर मी तसंच ठेवतो. खोलीतही तेवढी उष्णता कमी जाते. कूलर कितीही भारी असला तरी २५० वॅट शेवटी तुमच्याच खोलीत सोडतो.

बायोस उघडणारच आहात तर आधी तो अपडेट करा, हे कळकळीने सांगतो. १३व्या आणि १४व्या पिढीच्या या प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे कायमचं नुकसान होत होतं. इंटेलने ऑगस्ट २०२४पासून त्यावर नवा मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमचा बायोस त्याआधीचा असेल, तर कूलरपेक्षा ही काळजी मोठी आहे.

एआयओ खरंच बिघडला की कसं कळतं, तेही सांगतो. माझा आधीचा एआयओ चौथ्या वर्षी गेला. कॉम्प्युटर चालू केला की मिनिटभरातच १०० अंश, नुसत्या डेस्कटॉपवर. दोन्ही ट्यूब हातात धरल्या. एक ब्लॉकपाशी चटका बसेल इतकी गरम, दुसरी थंडगार, आणि रेडिएटर तर खोलीइतकाच. द्रव फिरतच नव्हता. तुमच्याकडे भर रेंडरमध्ये रेडिएटरमधून गरम हवा येत असेल, तर पंप जिवंत आहे. त्याची वायर मदरबोर्डवरच्या पंप हेडरला (पंपासाठीच्या पिनांना) लावून फुल स्पीडवर ठेवा. रेडिएटर शक्यतो वर, छताला बसवा. काही वर्षांत थोडा द्रव ट्यूबमधून उडून जातोच आणि आत हवा साठते. ती हवा रेडिएटरच्या वरच्या टोकाला राहिली पाहिजे, पंपात नको. सुरू करताना गुळगुळ आवाज येत असेल, तर आधी हेच तपासा.

तुमच्याकडे एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर असता तर मी एआयओ घेऊच नका म्हटलं असतं. तो गेमिंगमध्ये शंभर वॅटही ओढत नाही, चांगला दोन टॉवरचा एअर कूलर त्याला पुरून उरतो, आणि त्यात पंप नावाची बिघडणारी वस्तूच नाही. १४७००केवर तासतास रेंडर करणाऱ्याला ३६०चा एआयओ शोभतो.

जाळीपाशी मोजलेलं खोलीचं तापमान, पॅकेज पॉवर आणि अर्ध्या तासानंतरचं द्रवाचं तापमान, हे तीन आकडे कमेंटमध्ये टाका. मी माझ्या आकड्यांशी ताडून सांगतो.