लहानपणीच्या छळाची आणि फॉस्टर घरांची आत्मकथनं वाचून वाचकाचं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईने केलेला छळ आणि नंतर फॉस्टर घरांत, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ सांभाळणाऱ्या कुटुंबांत वाढणं, यावरचं एका अमेरिकन माणसाचं आत्मकथन वाचलं, दहा दिवस झोप धड नाही, मुलीवर ओरडलं की रडू येतं. सगळ्यांना असंच होतं का, अशी पुस्तकं वाचावीत का? आणि शेवटी एक ओळ: 'आम्ही दोघंही एखादं मूल सांभाळायला घ्यायचा विचार करतोय.' त्या शेवटच्या ओळीमुळे लिहायला बसले.

झोपेचं आधी उरकते. दहा दिवस झोप विस्कटणं, भांडी घासताना पुस्तकातला प्रसंग डोळ्यांसमोर येणं, स्वतःचा आवाज चढला की चरकायला होणं, हे पुष्कळ वाचकांचं होतं आणि बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. महिना उलटून गेला तरी तसंच राहिलं तर मात्र दुर्लक्ष करू नका. पुस्तकातलं सोडून स्वतःच्याच लहानपणीचं काही वर यायला लागलं, एखादा वास, जिन्यावरची पावलं, पोटात येणारा गोळा, तर महिन्याचीही वाट बघू नका. १४४१६ लावा. टेलि-मानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तोवर पुस्तक कपाटात. पैसे दिलेत म्हणून संपवायलाच हवं असं काही नाही.

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण वर्णनावरून ते डेव्ह पेल्झरचं १९९५ सालचं पहिलं पुस्तक असणार. त्याची बांधणी नीट बघा. पहिलंच प्रकरण सुटकेचं आहे: ५ मार्च १९७३, कॅलिफोर्नियातलं डेली सिटी, शाळेतल्या मोठ्या माणसांनी अंगावरच्या खुणा बघून पोलिसांना बोलावलं आणि बारा वर्षांचं पोर त्या घरातून बाहेर निघालं. म्हणजे मुलगा वाचणार हे आपल्याला सुरुवातीलाच ठाऊक होतं. छळाची पानं त्यानंतर. लेखक म्हणून त्यात काही चूक नाही, नाहीतर निम्म्या लोकांनी पुस्तक मधेच मिटलं असतं. पण त्यामुळे वाचक ती पानं सुटकेच्या भरवशावर वाचतो. रडून होतं, हलकं वाटतं, आपण त्या पोरासाठी काहीतरी केलं असं वाटतं. केलेलं काहीच नसतं.

अशा पुस्तकांनी माणूस खचतो याची मला फार काळजी नाही. वाचक त्यातून चुकीचं मूल शिकतो, याची आहे. त्याच्या डोक्यात एक मूल बसतं: सोशिक, समजूतदार, वाचवलं की गळ्यात पडणारं. पेल्झरने १९९७ साली दुसरं पुस्तक लिहिलं, फॉस्टर घरांतल्या वर्षांचं. त्यात तोच मुलगा दुकानातून वस्तू उचलतो, एका घरातून दुसऱ्या घरात जातो आणि छळणाऱ्या आईलाच आपण आवडावं म्हणून झुरतो. तुम्ही मूल घेणार असाल तर तुमच्या कामाचं पुस्तक हे. पण मला भेटणारे बहुतेक लोक पहिल्यावरच थांबलेले असतात.

प्रतिपालक, म्हणजे फॉस्टर पालक, होऊ इच्छिणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं काम करते, त्यामुळे अशी पुस्तकं लोकांना कशी वाचायला द्यावीत हा वाद माझ्या रोजच्या जेवणातला आहे. एका ठिकाणी पहिल्याच सकाळी सहकाऱ्याने अशाच एका आत्मकथनातल्या मारहाणीच्या प्रकरणाच्या झेरॉक्स वाटल्या आणि एकेकाला उभं करून मोठ्याने वाचायला लावलं. नऊ जोडपी. तिसऱ्या पानाला रुमाल निघाले. एक बाई उठून बाहेर गेल्या त्या चहापर्यंत आत आल्या नाहीत, आणि त्या का गेल्या हे कोणी विचारलंही नाही. सहकारी खूश. त्याचं ठाम मत, आजही तेच आहे: जो वाचून रडला नाही तो कसला पालक होणार?

त्या दिवशी सगळ्यात जास्त रडलेल्या बाईंकडे पुढे आठ वर्षांचा मुलगा राहायला आला. सहाव्या आठवड्यात त्यांचा फोन. दप्तर झटकताना तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पोळी सापडली, चारेक दिवसांची, कडेने हिरवी बुरशी, कंपासपेटीत मुंग्या. उशीच्या अभ्र्यात आणखी अर्धी. 'मागितलं की देते, डबे भरलेले आहेत, तरी चोरतो. मी काय कमी केलं याला? आणि एकदाही आई म्हणत नाही.' आवाजात राग होता, आणि रागापेक्षा जास्त फसवणूक झाल्याची भावना. पुस्तकातलं पोर असं नव्हतं ना.

आता यात चोरी कुठेच नाही. जेवण कधी मिळेल याचा भरवसा ज्याला वर्षानुवर्षं नव्हता, तो भरल्या घरातही साठा करतो. आत्ता पोट भरलंय का, याच्याशी त्याचा संबंध नसतो. सहावा आठवडाही योगायोगाचा नव्हे. पहिले काही आठवडे मूल पाहुण्यासारखं वागतं, ताट घासून ठेवतं, शेजारी कौतुक करतात. थोडं सुरक्षित वाटायला लागलं की परीक्षा बघायला सुरुवात होते: हे करून बघतो, आता काढतात का बाहेर? म्हणजे वागणं बिघडलं हीच पुष्कळदा पाय टेकल्याची खूण असते, आणि नेमकी तेव्हाच घरं मोडतात.

काय करायचं ते बाईंना सांगितलं, तुम्हालाही सांगते. स्वयंपाकघराला कुलूप नाही, दप्तराची झडती नाही, 'विचारून घ्यायचं' हा धडा सध्या नाही. झाकणाचा एक डबा, त्याच्या हाताला लागेल अशा फळीवर, त्याच्या नावाचा. आत टिकाऊ काहीतरी: बिस्किटांचा पुडा, चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, वर दोन केळी. रात्री झोपायच्या आधी तो डबा त्याच्या देखत भरायचा. किती संपलं याचा हिशेब तोंडावाटे काढायचा नाही. सापडलेलं शिळं अन्न गुपचूप टाकून द्यायचं नाही, साठा नाहीसा झाला की मूल दुप्पट लपवतं. 'हे खराब झालंय, बदलून देते' म्हणून ताजं हातात द्यायचं. जेवणाच्या वेळा घड्याळावर. आठवड्याभरात फरक दिसत नाही, महिने लागतात. घरं यातल्या कशामुळे बिघडतात विचाराल तर आजी-आजोबांमुळे: ती 'एवढं खातोस, पोटात जातं कुठे' असं प्रेमाने म्हणतात आणि सगळं मुळापासून सुरू करावं लागतं. आई म्हणण्याचा आग्रह तर सोडूनच द्या. त्याला आई आहे. तिने मारलेलं असलं तरी त्याला तिच्याकडे जायचं असतं, आणि छळाचं पुस्तक वाचून त्या आईवर दात खाऊन बसलेल्या पालकाला नेमकं हेच सोसत नाही.

म्हणून सहकाऱ्याला माझं म्हणणं असं की रडणं ही कसोटी नाही. पुस्तकं द्या, पण पद्धत बदला. गटाने वाचणार असाल तर आठ-दहा माणसं, दीड तास, त्यातलं वाचन वीस मिनिटांच्या वर नको. मारहाणीचा भाग मोठ्याने वाचायचा नाही; मोठ्याने वाचलं की ज्याला थांबायचंय त्याला थांबता येत नाही. मनातल्या मनात वाचणारा दोन ओळी गाळू शकतो. 'विचलित करणारा मजकूर' असा नुसता इशारा देऊन भागत नाही. प्रयोगांत असं दिसलंय की अशा सूचनेने त्रास कमी होत नाही, वाचण्याआधीची धास्ती तेवढी वाढते. त्यापेक्षा पानं सांगा: अमुक पानापासून अमुक पानापर्यंत मारहाण आहे, गाळलीत तरी पुढचं कळेल. दाराजवळची खुर्ची रिकामी ठेवा आणि उठून गेलेल्या माणसामागे एकाने जायचं हे आधीच ठरवून घ्या.

वाचून झाल्यावर 'कसं वाटलं?' हा प्रश्न विचारायचाच नाही. त्यावर दोनच गोष्टी होतात: सगळे एकसारखं रडतात, नाहीतर कोणाचं लहानपण जास्त वाईट याची चढाओढ लागते. विचारायचं असं: या प्रकरणात मोठी माणसं किती आहेत, आणि प्रत्येकाला काय दिसलं होतं? कागदावर लिहायला लावा. वडील, शेजारी, शाळेतल्या बाई, नर्स. कोणी कपडे बघितले, कोणी डबा नसल्याचं बघितलं, कोणी मुलाने सांगितलेलं पडल्याचं कारण ऐकून घेतलं. मग दुसरा प्रश्न: यातल्या कोणी कोणत्या दिवशी कोणाला फोन करायला हवा होता? या कागदाने वाचकाची नजर त्या राक्षशिणीवरून हटते आणि आपल्यासारख्या माणसांवर येते. एकटं वाचत असाल तरी हा कागद करता येतो, आणि तो केलेल्यांना झोपही बरी लागते असं मला दिसलंय. रात्री वाचू नका हे वेगळं सांगायला नको. थांबायचं ते मारहाणीच्या प्रसंगावर नाही, चार पानं पुढे, जरा शांत जागी.

गटात कोणी स्वतःचं सांगायला लागलं तर ऐकून घ्या, पण खोदू नका. सगळ्यांसमोर पूर्ण सांगून टाकलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी फार वाईट वाटतं. अठराच्या आतल्या मुलाने लैंगिक अत्याचाराचं सांगितलं तर मात्र 'आपल्यातच ठेवू' असं वचन देऊ नका. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे.

आता दुसरा परिणाम, ज्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. टोकाचा छळ वाचून आपली फूटपट्टीच बदलते. तळघर, उपासमार, विष हे सगळं म्हणजे छळ. बाकी ती शिस्त. केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं होतं. दर तिघांतल्या दोघांनी शारीरिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि घरात मार खाल्लेल्यांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे आई-वडीलच होते. कॅलिफोर्नियातल्या पोरासाठी उशी भिजवणारी माणसं शेजारच्या फ्लॅटमधून पट्ट्याचा आवाज आला की टीव्ही मोठा करतात. मराठीतली 'उपरा', 'आठवणींचे पक्षी', 'कोल्हाट्याचं पोर' यांसारखी आत्मकथनं इथे जास्त उपयोगी पडतात असं माझं मत आहे, कारण त्यांतलं लहानपण एका क्रूर बाईवर ढकलून मोकळं होता येत नाही. भूक आहे, जात आहे, गाव आहे, आणि त्या गावात वाचक कुठेतरी उभा असतो.

खऱ्या-खोट्याचंही विचारतात लोक. पेल्झरच्या एका भावाने त्याचं म्हणणं नाकारलं, दुसऱ्या भावाने २००५ मध्ये त्याच घरातल्या मारहाणीवर स्वतःचं पुस्तक लिहिलं. २००८ मध्ये तर लॉस एंजेलिसच्या टोळ्यांच्या वस्तीत फॉस्टर मूल म्हणून वाढल्याचं एका बाईचं आत्मकथन साफ बनावट निघालं. ती स्वतःच्या घरात, सुखवस्तू भागात वाढलेली होती; सख्ख्या बहिणीने प्रकाशकाला कळवलं आणि प्रती परत मागवाव्या लागल्या. असं काही उघडकीला आलं की वाचक चिडतो आणि तो संशय पुढच्या खऱ्या मुलावर काढतो. पुस्तकावर हवा तेवढा संशय घ्या. समोरचं मूल सांगत असेल तर आधी ऐकून घ्यायचं, तपास करणारे वेगळे असतात.

वरचं सगळं मी ज्यांचं लहानपण बरं गेलं अशा वाचकांना धरून लिहिलंय. जे स्वतः यातून गेलेत त्यांचं वेगळं. त्यांच्यातल्या काहींना अशा पुस्तकातच आपल्यावर झालेल्या गोष्टीला पहिल्यांदा नाव सापडतं, आणि त्यांना 'वाचू नका' म्हणायचा मला अधिकार नाही. मी डॉक्टरही नाही.

मूल घ्यायचं म्हणाल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज, घरभेट, आणि आदेश बालकल्याण समितीचा. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तक घेण्याचा विचार होऊ शकतो, आधी पाच वर्षं होती. मुलाला सांभाळण्यासाठी अनुदान देणारी बालसंगोपन योजना वेगळी, तिथे गल्लत करू नका. आणि अर्ज करण्याआधी पेल्झरचं दुसरं पुस्तक दोघांनीही वाचा, फक्त तुम्ही नाही.

त्या बाईंचा चौथ्या महिन्यात परत फोन आला होता. डब्यातल्या बिस्किटांना आठ दिवस हात लागला नव्हता, मऊ पडली होती, मग आता डबा बंद करू का? म्हटलं, नवा पुडा ठेवा.