‘सायफर’ म्हणजे संदेश की सांकेतिक लिपी?

तुमचा प्रश्न असा, की इम्रान खान यांच्या खटल्याच्या बातम्यांत ‘सायफर’ म्हणजे एखादं पत्र असल्यासारखं लिहितात, शब्दकोशात मात्र ‘गुप्तलिपी’ असा अर्थ सापडतो. मग बरोबर काय?

दोन्ही. काटेकोर बोलायचं तर सायफर ही रीत आहे. ‘मदत’ या शब्दातलं प्रत्येक अक्षर वर्णमालेत एक घर पुढे सरकवा, ‘यधथ’ मिळेल. अक्षरं सरकवायची हा नियम म्हणजे सायफर, किती घरं सरकवायची ती किल्ली आणि ‘यधथ’ हा सायफरटेक्स्ट. (काना-मात्रा आल्या की काय करायचं, ते आधी ठरवून घ्यावं लागतं. मी तशाच ठेवतो.)

कोड वेगळा. त्यात अख्ख्या शब्दाच्या जागी ठरवलेला शब्द किंवा आकडा येतो. ‘मामा पोचले’ म्हणजे ‘पैसे मिळाले’, हा कोड. १९१७ सालची जर्मनीची प्रसिद्ध झिमरमान तार अशाच आकड्यांच्या कोडात होती. रोजच्या बोलण्यात हा फरक कोणी पाळत नाही, ते सोडा.

वकिलातींच्या भाषेत मात्र त्या रीतीने पाठवलेल्या तारेलाच सायफर म्हणायची पद्धत पडली. मार्च २०२२ मध्ये वॉशिंग्टनहून पाकिस्तानी राजदूताने इस्लामाबादला पाठवलेला अहवाल या अर्थाने ‘सायफर’. मजकूर उघड केल्याचा आणि आपल्याकडची प्रत परत न केल्याचा आरोप खान यांच्यावर होता. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, जूनमध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. उलगडलेला मजकूर जपायचं तांत्रिक कारणही असतं: तो आणि वाटेत पकडलेला सायफरटेक्स्ट शेजारी ठेवले, तर जुन्या पद्धतींत किल्लीचा माग लागू शकायचा. म्हणून पूर्वी अशा तारा दुसऱ्याला दाखवताना शब्द बदलून लिहीत.

गंमत शब्दाच्या उगमाची. आपल्या ‘शून्या’चं अरबीत ‘सिफ्र’ झालं, लॅटिनमध्ये ‘सिफ्रा’, आधी शून्य, मग कोणताही अंक, मग गुप्त लिखाण. उर्दूत ‘सिफर’ म्हणजे आजही शून्यच.

मराठीत लिहिताना मी रीतीला ‘कूटलिपी’ आणि तारेला ‘कूटसंदेश’ म्हणतो. त्या खटल्याबद्दल लिहायचं असेल तर ‘सायफर’च ठेवा, ‘कूटसंदेश प्रकरण’ म्हटलं तर कोणाला कळणार नाही.