वाचकांचे प्रश्न : खेळाडू होता, आता महिला संघाचा प्रशिक्षक

प्रश्न : सर्बियन बास्केटबॉलमधले स्ट्राहिन्या अलागिच मोठे कशामुळे, खेळाडू म्हणून की प्रशिक्षक म्हणून?

उत्तर : प्रशिक्षक म्हणून, यात आम्हाला शंका नाही. बेलग्रेडच्या त्सर्वेना झ्वेझ्दा या क्लबच्या पुरुष संघाने १९४६ ते १९५५ अशी सलग दहा वर्षं युगोस्लाव्ह विजेतेपद जिंकलं. अलागिच त्याच पिढीचे खेळाडू. पुढे त्यांनी क्लबचा महिला संघ हाती घेतला आणि १९७९ मध्ये युरोपियन चॅम्पियन्स चषक, म्हणजे युरोपातल्या क्लबांचं विजेतेपद, आणला. सर्बियाच्या दुसऱ्या कुठल्याही क्लबला महिलांचा हा चषक अजून मिळालेला नाही. त्याआधी लॅटव्हियातल्या रीगाच्या दौगावा क्लबने १९६४ ते १९७५ सलग बारा वेळा तो नेला होता, म्हणून या यशाचं वजन जास्त.

प्रश्न : पुरुषांमध्ये खेळलेला प्रशिक्षक महिला संघाकडे आला की नेमका कुठे चुकतो?

उत्तर : पहिली चूक चेंडूपासूनच होते. अलागिच यांच्या काळात दोघांचा चेंडू एकच होता. २००४ पासून महिला सहा नंबरच्या चेंडूने खेळतात. त्याचा घेर साधारण ७२ ते ७३ सेंटिमीटर, म्हणजे पुरुषांच्या सात नंबरपेक्षा तीनेक सेंटिमीटर कमी, आणि वजनही हलकं. प्रशिक्षक सवयीने सात नंबर घेऊन शूटिंग दाखवतो आणि बोटांची पकड चुकीची शिकवली जाते. प्रात्यक्षिक सहा नंबरनेच द्यावं. बास्केटची उंची ३.०५ मीटर आणि तीन गुणांची रेषा ६.७५ मीटर मात्र दोघांना सारखीच.

दुसरी गोष्ट गुडघ्याची, आणि इथे हयगय अजिबात नको. उडी मारून उतरताना किंवा झटकन दिशा बदलताना गुडघा आत वळला की लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा) फाटण्याचा धोका असतो. महिलांमध्ये ही दुखापत पुरुषांपेक्षा बरीच जास्त आढळते. वॉर्मअपमध्येच पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. साधारण ३० सेंटिमीटर उंचीच्या खोक्यावरून दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे पावलांच्या रेषेत ठेवायचे, तीन सेकंद स्थिर राहायचं. अशा सहा उड्या, दोन वेळा. समोर उभं राहून चेहरा नाही, गुडघे बघा. गुडघा आत झुकायला लागला की थकवा आला समजा आणि तिथेच थांबवा. संख्या पूर्ण करण्याच्या नादात चुकीची सवय पक्की होते.

तिसरी चूक टाइमआउटची, म्हणजे खेळ थांबवून संघाशी बोलण्याच्या वेळेची. मिळतात ६० सेकंद. खेळाडू बसून पाणी पिईपर्यंत त्यातले पंधरा जातात. जुना खेळाडू मैदानावरचं सगळं पाहतो आणि सगळंच सांगतो. बचावाची एक सूचना आणि आक्रमणाची एक चाल बोर्डावर काढा, बाहेरून चेंडू मैदानात कोण टाकणार ते नावानिशी सांगा. बाकीचं मध्यंतरात.

प्रश्न : मग आधी मोठा खेळाडू असणं गरजेचं आहे का?

उत्तर : नाही. मारिना माल्यकोविच यांचं नाव खेळाडू म्हणून गाजलेलं नव्हतं. त्यांच्या प्रशिक्षणाखाली सर्बियाच्या महिलांनी २०१५ मध्ये बुडापेस्टला युरोबास्केट (युरोपियन देशांची स्पर्धा) सुवर्ण, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकचं कांस्य आणि २०२१ मध्ये वॅलेन्सियाला पुन्हा युरोबास्केट सुवर्ण मिळवलं. तिन्ही वेळा पदकाच्या सामन्यात समोर फ्रान्सच होता.